जेजूपुरता प्रवेश

"मोकपोची भेट तुम्ही कुणाच्या नावावर लिहाल? माझ्या की यशोधनच्या?"

ऑकलंडच्या पूर्वेकडील बॉटनी डाउन्स या उपनगरातल्या आपल्या घरी चहा गाळता गाळता सुनेत्रा चांदोरकरने विचारलेल्या या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांची साधी चरित्रे नोंदवण्याचे काम तेव्हा माझ्याकडे होते. त्या नोंदींत 'प्रवास' असा एक रकाना असे. त्यात गावाचे नाव, साल आणि प्रवास करणाऱ्याचे नाव एवढेच लिहायचे. सुनेत्रा कोरियातल्या मोकपोला गेली नव्हती, गेला होता तिचा नवरा. पण तिथे जे घडले ते यशोधनच्या चरित्रात लिहिले असते तर त्याला काहीच अर्थ उरला नसता. रकाना कोरा राहिला. तो का कोरा राहिला, ते सांगण्यासाठी ही हकीकत.

यशोधन २००९ साली पुण्याहून विद्यार्थी म्हणून आला. व्यवस्थापनाची पदविका घेतली आणि शीतगृहात नोकरीला लागला. मासळी आणि किवी फळांच्या पेट्या ठरावीक अंशांवर राहतात की नाही हे पाहणे, हे त्याचे काम. २०११ मध्ये त्याला कायम वास्तव्याची परवानगी मिळाली. २०१३ च्या जानेवारीत लग्न झाले आणि त्याच वर्षी सुनेत्रा आली. तिच्या वास्तव्याच्या परवानगीवर ९ सप्टेंबर २०१४ ही तारीख होती. त्या तारखेपासून पाच वर्षे मोजायची, प्रत्येक वर्षी किमान दोनशे चाळीस दिवस देशात राहायचे, मग नागरिकत्वासाठी अर्ज करायचा, असा नियम. यशोधनची पाच वर्षे आधी भरली आणि २०१६ मध्ये त्याला न्यूझीलंडचा काळा पासपोर्ट मिळाला. एकाच कपाटाच्या एकाच खणात त्यानंतर दोन देशांचे दोन पासपोर्ट राहू लागले. त्यात विशेष काही आहे असे त्या दोघांना तेव्हा वाटले नव्हते.

सुनेत्राला नोकरी मिळाली ती वृद्धांच्या दिवसकेंद्रात. सकाळी व्हॅन म्हाताऱ्या माणसांना घरोघरून घेऊन येई आणि दुपारी तीनला परत सोडी. बॉटनीच्या परिसरात कोरियन कुटुंबे पुष्कळ. त्यामुळे केंद्रात एक कोपरा कोरियन आज्यांचा होता. त्यांतली सर्वांत अबोल बाई म्हणजे ओक-सून. मुलीच्या कुटुंबाबरोबर ती ऑकलंडला आली होती. मुलगी-जावई दिवसभर कामावर, नातवंडे इंग्रजी बोलणारी, त्यामुळे घरात तिच्याशी बोलणारे कुणी नव्हते आणि केंद्रात ती कुणाशी बोलत नसे. सुनेत्राही नवीनच. दोघींचे इंग्रजी साधारण सारखेच कच्चे. बोलणे सुरू झाले ते जेवणाच्या डब्यावरून.

कोरियनमध्ये आजीला हाल्मोनी म्हणतात, आणि नाव घेऊन हाक मारताना पुढे 'या' जोडतात. 'सुनेत्रा' हे नाव ओक-सूनबाईंच्या तोंडात मावेना, तेव्हा त्यांनी ते तोडले. हाक झाली 'सुने-या'. मराठी कानाला ती सासूने सुनेला मारलेली हाक वाटे. सुनेत्राने घरी सांगितले तेव्हा यशोधन खो खो हसला होता.

"म्हणजे एक सासू पुण्यात, एक बॉटनीत. हीप्स ऑफ सासवा!"

"ही डब्याला नावं ठेवते, पण डबा संपवते. तुझ्या आईनं संपवलाय का कधी?"

डब्याला नावे मात्र रोज ठेवली जात. "सुने-या, आज पुन्हा गवत?" "गवत नाही हाल्मोनी, मेथी आहे." "गाय खाते ते गवत." एवढे संवाद करता येतील इतकी कोरियन भाषा सुनेत्रा वर्षभरात शिकली. दुसऱ्या वर्षी ती त्या भाषेत तक्रारी करू लागली, म्हणजे भाषा खरी आली असे म्हणायला हरकत नाही. शब्द ती एका वहीत देवनागरीत लिहून घेई. कोरियन लिपी तिने नंतर शिकली, पण वही देवनागरीतच राहिली.

२०१६ च्या मार्चमध्ये सुनेत्राच्या वडिलांच्या हृदयावर पुण्यात शस्त्रक्रिया झाली. ती गेली, आणि प्रकृतीतले चढउतार सुरू राहिल्याने थांबली. किती दिवस थांबता येईल हे तिला ठाऊक होते. वर्षातून एकशे पंचवीस दिवसांपेक्षा अधिक बाहेर राहिली असती तर नागरिकत्वाचे ते वर्ष बाद झाले असते. वडिलांच्या खोलीतल्या कॅलेंडरवर ती रोज एक दिवस खोडत असे. वडिलांना वाटे, मुलगी आपल्या औषधांचा हिशोब ठेवते आहे. एकशे एकोणिसाव्या दिवशी ती ऑकलंडला परतली. त्याच्या नऊ दिवस आधी ओक-सूनबाई कोरियाला गेल्या होत्या. मुलीच्या कुटुंबाने ब्रिस्बेनला जायचे ठरवले आणि म्हातारीची रवानगी मोकपो या बंदराच्या गावी, मुलाकडे झाली. जाण्यापूर्वी दोन आठवडे ती केंद्रात रोज विचारीत असे, सुने कधी येणार? हे सुनेत्राला तिथल्या स्वयंपाकीणबाईंनी सांगितले. सांगितले नसते तर बरे झाले असते, असे ती म्हणते.

फोनचा उपयोग नव्हता. ओक-सूनबाईंना कानाशी तोंड नेऊन बोलल्याशिवाय ऐकू येत नसे, आणि पडद्यावरच्या माणसाशी बोलायला त्या तयार नव्हत्या. मुलाने एकदा प्रयत्न केला, त्यांनी फोन उलटा करून ठेवला. तेव्हा प्रत्यक्ष भेटायचे आणि 'तुम्ही निघालात तेव्हा मी नव्हते' एवढे त्यांच्या कानाशी सांगून यायचे, हे सुनेत्राने ठरवले. वय ब्याऐंशी. फार थांबण्यात अर्थ नव्हता.

यशोधनच्या पासपोर्टला कोरियाचा व्हिसा लागत नव्हता, सुनेत्राच्या भारतीय पासपोर्टला लागे. त्यासाठी नोकरीची पत्रे, बँकेचे कागद, परतीची हमी हे सारे लागणार होते. नऊ वर्षे या ना त्या व्हिसाचे अर्ज भरून यशोधन विटला होता. त्याला जेव्हा कळले की दक्षिणेकडच्या जेजू बेटावर भारतीय पासपोर्टला व्हिसा लागत नाही, तेव्हा त्याला कोडे सुटल्यासारखे झाले.

"क्वालालंपूरहून थेट जेजूला विमान आहे. चार दिवस बेट बघू, मग बोटीनं मोकपो."

"पण जेजू म्हणजे कोरियाच ना?"

"मग काय रत्नागिरी? कोरियाच. एकदा देशात शिरलं की शिरलं. पुण्याहून गोव्याला जाताना तुझा पासपोर्ट कुणी बघतं का?"

"नक्की ना?"

"स्वीट ॲज," तो न्यूझीलंडी थाटात म्हणाला, म्हणजे अगदी नक्की.

ही चूक अडाणीपणाची नव्हती. विमानतळाची काच ओलांडली की पुढचा सारा देश आपला, अशा सवयीत वाढलेल्या माणसाची ती चूक होती. सुनेत्रानेही ती मान्य केली, कारण तिला ती हवी होती.

२०१८ च्या एप्रिलमध्ये ती दोघे जेजूला उतरली. अधिकाऱ्याने सुनेत्राच्या पासपोर्टवर शिक्का मारला, एक छापील चिठ्ठी चिकटवली, आणि तिने ती न वाचता पासपोर्ट पर्समध्ये टाकला. पहिले तीन दिवस निखळ सहलीचे गेले. बेटभर मोहरीसारखी पिवळी फुले फुललेली, काळ्या दगडांचे गडगे, आणि त्यांच्यामागे राखाडी समुद्र. सोंगसानच्या ज्वालामुखीच्या कड्यावर ती दोघे पायऱ्या मोजत चढली आणि दोघांची मोजणी जुळली नाही म्हणून वर पोचल्यावर भांडली. लाव्हाच्या गुहेत यशोधनने सवयीने तापमान पाहिले. "बारा अंश. किवी छान राहतील इथे." किनाऱ्यावर सत्तरीच्या बायका काळे पोशाख घालून श्वास रोखून समुद्रात बुडी मारताना आणि शंख घेऊन वर येताना त्यांनी पाहिल्या. वर येताना त्या तोंडाने शीळ घालीत. बसमध्ये कार्ड टेकवले की यंत्र आभार मानी आणि यशोधन त्याला माओरीत "किया ओरा" म्हणून उत्तर देई.

सुनेत्राचे कोरियन हे त्या तीन दिवसांचे खरे भांडवल होते. भाताच्या गुंडाळ्या विकणाऱ्या बाईला तिने मांस काढून द्यायला सांगितले. बाईने मांसाची पट्टी काढली आणि तिच्या जागी खेकड्याची ठेवली.

"हेही नको, मावशी."

"हे मांस नाही, हा समुद्र आहे." बाईने तिला निरखून पाहिले. "तू बोलतेस छान. कुणाकडून शिकलीस?"

"मोकपोच्या हाल्मोनींकडून."

"मोकपोची वाटत नाहीस. रेडिओसारखं बोलतेस."

तेव्हा दोघींनाही ते कौतुक वाटले.

चौथ्या दिवशी दुपारच्या बोटीसाठी ती दोघे बंदरावर गेली. यशोधनचा काळा पासपोर्ट पाहून खिडकीमागच्या तरुण अधिकारी बाईने मान हलवली. सुनेत्राचा निळा पासपोर्ट उघडून ती चिठ्ठी बोटाने दाखवत म्हणाली, "जेजूमान."

"काय म्हणाली? जू? मान?" यशोधनला अजून गंमत सुचत होती. "बैलाची?"

"मान म्हणजे 'फक्त'," सुनेत्रा म्हणाली. "फक्त जेजू."

तिने आर्जवाने विचारले, एक दिवसासाठी, आजारी आजीला भेटण्यासाठी. अधिकारी बाई तिचे कोरियन ऐकून चकित झाली आणि म्हणून अधिकच मृदू झाली, पण उत्तर बदलले नाही. व्हिसा नसलेल्यांना बेट सोडून मुख्य भूमीवर जाता येत नाही. व्हिसा इथे मिळत नाही, ज्या देशात राहता तिथूनच घ्यावा लागतो. यशोधन पुढे झाला.

"आय ॲम हर हजबंड. मला चालतं तर तिला का नाही?"

सुनेत्राने याचे भाषांतर केले नाही. बाईला ते कळले असावे. तिने दोन्ही पासपोर्ट एकावर एक ठेवून दोन्ही हातांनी परत केले.

ज्याला त्या देशाचे एक अक्षर येत नव्हते त्याला देश मोकळा होता, आणि जिने ती भाषा तिथल्याच म्हातारीच्या तोंडून उचलली होती ती अठराशे चौरस किलोमीटरांच्या बेटावर अडकली होती. बोट सुटायला पन्नास मिनिटे होती. मोकपोच्या बंदरावर ओक-सूनबाईंचा मुलगा गाडी घेऊन येणार होता, आणि त्याने आईला आज सकाळीच नवे कपडे घातले होते.

"आपण दोघंही नको जाऊया," यशोधन म्हणाला. "माझी चूक आहे. मी कळवतो त्यांना."

"तू जा."

"मी जाऊन काय करू? मला बोलता कुठं येतं?"

"वाचता येतं ना?"

तिने वहीचे पान फाडले आणि तीन वाक्ये देवनागरीत लिहिली. पहिले, बऱ्या आहात ना: 'जाल जिनेस्सोयो'. दुसरे, तुमची वारंवार आठवण येई: 'जाजू सेंगाक्हेस्सोयो'. तिसरे, तुम्ही निघालात तेव्हा मी नव्हते, मला क्षमा करा. बाकावर बसून तिने ती त्याच्याकडून घोकून घेतली.

इथे मराठीच्या एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. आपल्या लिपीत 'ज' हे अक्षर एक असले तरी उच्चार दोन आहेत. 'जिरे'मधला ज टाळूला जीभ लावून होतो, 'जाळे' आणि 'जुना' यांतला ज दातांच्या मागे. कुठला कुठे, हे मराठी माणसाला कुणी शिकवत नाही आणि लिपीही सांगत नाही. 'जाजू' हा शब्द देवनागरीत समोर आला की मराठी जीभ दोन्ही ज दातांमागेच लावणार. कोरियाच्या राजधानीत आणि दक्षिणेत मात्र तो ज जिऱ्यातला आहे.

"जाजू नाही रे. जिऱ्यातला ज."

"जिऱ्यातलाच म्हणतोय."

"तू जुन्यातला म्हणतोयस. जा. जिरे म्हण, जि, आता तिथेच जीभ ठेवून 'आ' म्हण."

"ज्या."

"'ज्या दिवशी'तला नाही!"

"सुनेत्रा, तो माणूस गाडी घेऊन उभा राहील. तिला कळेल गं. म्हातारी माणसं समजून घेतात."

बोट गेली. सुनेत्राने ती दुपार आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ बेटावर एकटीने काढली. समुद्राच्या कडेने बेटाला वळसा घालणाऱ्या बसमध्ये ती बसली. उतरायचे कुठे हे ठरत नव्हते, म्हणून बसूनच राहिली. उजवीकडे सारा वेळ समुद्र होता आणि त्याच्या पलीकडे जिथे तिला जायचे होते तो किनारा, पण तो फक्त फेरीच्या उत्तरेकडच्या अर्ध्या भागात. उरलेल्या अर्ध्या फेरीत समुद्राकडे पाहण्यालाही कारण उरत नव्हते. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरने विचारले, "पाहुण्याबाई, काय बघायचंय तुम्हाला?" तिला त्याला जे सांगायचे होते त्यासाठी लागणारे सारे शब्द येत होते. तिने "काही नाही" म्हटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी यशोधन परतला. बंदरावर बॅग खाली न ठेवताच त्याने सांगायला सुरुवात केली. तो ओक-सूनबाईंच्या कानाशी वाकला आणि पहिले वाक्य वाचले, त्या हसल्या. दुसरे वाचले, तेव्हा त्यांनी त्याचे मनगट धरले आणि तोच शब्द पुन्हा म्हणायला लावला. 'जाजू.' त्याने म्हटला. पुन्हा. मग त्यांनी स्वतः तो म्हटला, त्याच्यासारखाच, दातांमागे जीभ लावून, आणि बोलू लागल्या.

"त्यांचा मुलगा जवळ सरकून बसला गं. बोटीवर नोकरी केलेली, त्याला थोडं इंग्लिश येतं. तो म्हणाला, आई असं बोललेली मी लहानपणीसुद्धा ऐकलेली नाही."

मुलाने सांगितले ते असे. ओक-सूनबाई मूळच्या मोकपोच्या नव्हेत. उत्तरेतल्या प्योंगान प्रांतातल्या एका खेड्यात त्यांचा जन्म. युद्धाच्या हिवाळ्यात, चौदाव्या वर्षी, शेजाऱ्यांबरोबर दक्षिणेला आल्या. आई मागे राहिली. मग सरहद्द बंद झाली ती कायमची. प्योंगानच्या बोलीत ज दातांमागचा आहे. मोकपोच्या शाळेत पोरे त्या ज वरून चिडवत, मोठी माणसे संशयाने पाहत. ओक-सूनने तो ज मोडून नवा घडवला आणि सदुसष्ट वर्षे कुणालाही जुना ऐकवला नाही. सुनेत्राला त्यांनी शिकवली ती हीच घडवलेली, रेडिओवरची भाषा.

"मला विचारत होत्या, तुझं गाव कुठलं. तीनदा विचारलं. मुलगा सांगतोय इंडिया, पुणे, त्या ऐकेचनात."

"माझा फोटो दाखवलास?"

"दाखवला. बघितला बराच वेळ. मग तळहाताखाली ठेवला आणि माझ्याशीच बोलत राहिल्या."

"आणि तिसरं वाक्य?"

"वाचलं. त्यावर काहीतरी म्हणाल्या. रेकॉर्ड केलंय सगळं, तू सांगितलं होतंस ना."

ध्वनिमुद्रण अकरा मिनिटांचे होते. सुनेत्राने ते बंदरावरच्या बाकावर ऐकले, नंतर विमानात ऐकले, बॉटनीत परतल्यावर अनेकदा ऐकले. अर्धेअधिक तिला कळत नाही. जिच्याजवळ बसून ती भाषा शिकली त्या बाईची खरी भाषा तिला येत नव्हती. अकरा मिनिटांत 'सुने' ही हाक एकदाही नाही. तिसऱ्या वाक्यानंतरचे उत्तर मुलाने यशोधनला इंग्रजीत सांगितले होते: 'मी निघाले तेव्हाही घरी कुणी नव्हतं. मी थांबले नाही.' हे ऑकलंडविषयी होते की त्या खेड्याविषयी, सुनेत्राला दिलेली क्षमा होती की आईपाशी मागितलेली, हे मुलालाही सांगता आले नाही.

"ती माझ्याशी बोललीच नाही," सुनेत्रा त्या दिवशी बाकावर म्हणाली.

"तुझीच वाक्यं होती ना," यशोधन म्हणाला.

"वाक्यं माझी, ज तुझा."

या उत्तरात कडवटपणा होता हे ती मान्य करते. यशोधनने नीट उच्चार शिकून घेतला असता तर म्हातारी हसली असती, फोटो पाहून 'सुने-या' म्हणाली असती, आणि क्षमेचे वाक्य ज्याचे त्याला पोचले असते. पण मग सदुसष्ट वर्षे दडपलेला तो ज कुणीच ऐकला नसता. यांतले कोणते व्हायला हवे होते हे सुनेत्रा ठरवू शकत नाही. नवऱ्यावर रागावता येत नाही, आणि आनंदही मानता येत नाही.

परतल्यावर तिने व्हिसाची कागदपत्रे रीतसर जमवायला घेतली. त्या वर्षीची तिची रजा संपली होती. केंद्राने पुढची रजा २०१९ च्या फेब्रुवारीसाठी मंजूर केली. तोवर ती केंद्रातल्या एका कोरियन आजोबांकडून उत्तरेकडच्या बोलीतले शब्द विचारून वहीत लिहीत राहिली. दातांमागच्या ज साठी ती अक्षराखाली टिंब देई. मुलाला पत्र लिहून तिने आईची प्रकृती विचारली. उत्तरात प्रकृती बरी असल्याचे, आणि आई पुन्हा पूर्वीसारखेच बोलू लागल्याचे लिहिले होते. म्हणजे कोणत्या पूर्वीसारखे, ते लिहिले नव्हते.

ओक-सूनबाई २६ नोव्हेंबर २०१८ रोजी मोकपो येथे वारल्या. नागरिकत्वासाठीची पाच वर्षांची अट सुनेत्राच्या बाबतीत ९ सप्टेंबर २०१९ रोजी पूर्ण झाली.